टॉर्च बंद आहे, थांबा

दौलतभाऊ गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, आणि तीही कितव्यातरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वरून. आमच्या नाटकमंडळीचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर फुलं आणि सुविचार येतात, हंगामात प्रयोगांच्या तारखा येतात. भाद्रपदातल्या त्या सकाळी मी ब्रह्मपुरीतलं माझं वह्या-पुस्तकांचं दुकान उघडत होतो आणि खिशात फोन सारखा किणकिणत होता. काढून पाहिला तर एकाखाली एक तीच अक्षरं, तेच जोडलेले हात, तोच दिवा. कोण गेलं हे कळायला वर वर सरकत जावं लागलं... सगळ्यात वर आमच्या कंपनीच्या मालकांचा निरोप होता, की आपले प्रॉम्टर दौलतभाऊ आज पहाटे हार्ट अ‍ॅटॅकनं गेले. मी तिथंच पायरीवर बसलो. खरं सांगतो, पहिल्यांदा मला रडू आलं नाही, राग आला. या माणसानं अर्धी हयात दुसऱ्यांना शब्द पुरवले, आणि त्याच्यासाठी एकालाही स्वतःचा एक शब्द सुचू नये? बरं, मी तरी कुठला वेगळा! काहीतरी लिहावं म्हणून ‘भा’ टाइप केला, तर पुढचं सगळं फोननंच समोर आणून ठेवलं. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं. मी फोन दुकानात भिरकावला, शटर खाली ओढलं आणि त्यांच्या गावची, सिंदेवाहीची, गाडी पकडली.

ज्यांना आमची झाडीपट्टीची नाटकं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडं धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हणजे नाटक आलंच. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही फिरत असतो. आज एक नाटक, उद्या दुसरं, परवा तिसरं. नट कोणी वडस्याचा, कोणी नागपूरचा, तालमी नावापुरत्या. अशा कारभारात प्रॉम्टर नसेल तर पहिल्या अंकातच सगळ्यांची वाट लागते. दौलतभाऊ पंचायत समितीत बाबू होते, रिटायर होईपर्यंत रजा साठवून साठवून हंगाम करत आले. विंगेत उपड्या ट्रंकेवर बसायचं, गळ्यात मफलर, मांडीवर संहिता, हातात छोटी टॉर्च. त्यांचा आवाज नटाला ऐकू यायचा आणि पहिल्या रांगेतल्या म्हातारीला नाही यायचा. हे कसब कुणाला शिकवता येत नाही. मी स्टेजच्या पुढं ऑर्गन घेऊन बसतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. माझ्या जागेवरून विंगेतला तो उजेडाचा ठिपका बरोबर दिसे. आणि त्या ठिपक्याची आमच्या कंपनीत एक रीत पडली होती. एखादा जाणता नट वाक्याच्या मध्ये मुद्दाम थांबला, की दौलतभाऊ टॉर्च बंद करत. याचा अर्थ, तो विसरलेला नाही, थांबलाय. कुणी मध्ये पडू नका. मग समोरचा नट पुढचं वाक्य रेटत नसे, पडदेवाला दोरीला हात लावत नसे आणि मी पेटीवरची बोटं उचलून घेत असे. ठिपका पुन्हा लागला की सगळे पुढं.

स्वभावानं माणूस शांत, पण एक सवय मात्र डोकं उठवणारी होती. समोरचा बोलत असला की यांचे ओठ हलत. तुम्ही काय बोलणार हे यांना आधीच कळलेलं असे. लग्नात, बँकेत, चहाच्या टपरीवर, सगळीकडं तेच. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो भाऊ, माझं मला बोलू द्या की! ते हसले. म्हणाले, मी कुठी बोललो? आणि ते खरं होतं. ओठ हलत, पण आवाज कधी बाहेर पडला नाही. तुम्ही अडलात, हात हवेत फिरवू लागलात, शब्द सापडेना, तरी हा माणूस गप्प बसून वाट पाहणार. फारच अडलात आणि त्यांच्याकडं वळून पाहिलंत, तरच शब्द हळूच सरकवणार. मागितल्याशिवाय शब्द दिला तर समोरच्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं होते, असं ते म्हणत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडं तर तुम्ही ‘मला जरा...’ म्हणायचा अवकाश, चार जण तुम्हाला पाणी, चहा, गोळी आणि स्थळ सुचवून मोकळे होतात.

कंपनीच्या गाडीत सगळे घोरत पडलेले असताना दौलतभाऊ वाचत बसत. वाचन कसलं, तर पुढच्या काळातल्या जुलमी राज्यांच्या कादंबऱ्या. सरकार माणसावर नजर ठेवतंय, त्याचे कागद जाळतंय, त्याचं नाव काढून नंबर देतंय, शेवटी डोक्यातच शिरतंय. मराठीत मिळाल्या तर मराठीत, नाहीतर हिंदीत. कुणी नागपूरला जाणारा दिसला की त्याच्या गळ्यात पुस्तकांची फर्माईश मारलीच समजा. दोन-तीन त्यांनी मलाही वाचायला लावल्या. मला काही त्या आवडल्या नाहीत. सगळीकडं तेच राखाडी आभाळ, तेच बूट, आणि शेवटी त्या बिचाऱ्या नायकाचा चेंदामेंदा! मी म्हटलं, भाऊ, आपली नाटकं बघून माणूस घरी जाताना निदान शिट्टी तरी मारतो. त्यांना शिट्टीचं काही नव्हतं, त्यांची तक्रार वेगळीच होती. एकदा अहेरीहून परतताना गाडी आलापल्लीच्या जंगलात बंद पडली. दुपारची वेळ, ड्रायव्हर खाली घुसलेला, आम्ही दोघं सागाच्या सावलीत. तिथं त्यांनी मला ती ऐकवली.

“मास्तर, या पुस्तकाईत एक गोष्ट मले पटत नाई. एवढे क्यामेरे, एवढी पोलीस, कायले पायजे जी? आपल्या इथी माणसानं काय बोलाचं थे शेजारीच सांगून देते. अन् थेबी मायेनं.”

मी म्हटलं, म्हणजे आपलं राज्य जास्त स्वस्तात चाललंय म्हणा. ते हसले नाहीत. म्हणाले, मारणाऱ्याच्या समोर माणूस एखाद्या वेळी उभा राहते, पण पाठीवरून हात फिरवणाऱ्याचं करावं तरी काय? तेवढ्यात ड्रायव्हर खालून बाहेर आला. गाडी सुरू झाली आणि आम्ही निघालो.

त्या पावसाळ्यात त्यांनी नाटक लिहिलं. पन्नास लेखकांची नाटकं ज्यानं कुजबुजत वाचली, त्याचं स्वतःचं पहिलं आणि शेवटचं नाटक. नाव ‘सांग्या’. एक नगर आहे. तिथं प्रत्येक नागरिकामागं सरकारनं एक सांग्या नेमलेला आहे. सांग्या कुणाला मारत नाही, शिवी देत नाही. घाम पुसतो, छत्री धरतो, आणि कानाशी लागून काय बोलायचं ते सांगतो. बारशाला काय, लग्नाला काय, साहेबासमोर काय. माणूस तेवढं बोलतो आणि सुटतो. कुणाची काही तक्रार नाही, कारण तक्रारीचं वाक्य सांग्याकडं नाहीच. मोतीराम नावाचा एक साधा माणूस, त्याची लहान मुलगी तापानं जाते. शेवटच्या प्रवेशात सगळं नगर जमलेलं आहे आणि सांग्या मोतीरामला म्हणतो, म्हण, मी सुखात आहे. मोतीराम त्याच्याकडं बघतो. सांग्या पुन्हा सांगतो, जरा मोठ्यानं. मग सगळ्यांचे सांग्ये मिळून सांगतात. आणि पुढं कंसात दौलतभाऊंनी लिहिलं होतं : तो बोलत नाही. पडदा पडेपर्यंत बोलत नाही. बस्स, संपलं नाटक! वाचून दाखवलं तेव्हा मी त्या शेवटासाठी पेटीवर सूर शोधू लागलो. भाऊ म्हणाले, मास्तर, तिथी हात काढून ठेवा पेटीवरून. तिथी कायीच नको.

आमचे मालक गजाननभाऊ माणूस दिलदार, पण नाटक म्हणजे त्यांना भाजी. मीठ-मिरची घातल्याशिवाय हातची सोडायचीच नाही. त्यांनी ‘सांग्या’ घेतलं, दौलतभाऊंचा एवढा मान तर ठेवलाच. मग नाव बदललं. ‘मुक्याची बायको बोलकी’! नाटकात मुका कोणी नाही, आणि मोतीरामच्या बायकोला चार वाक्यं. मी विचारलं तर म्हणे, मास्तर, पोस्टरवर चालते. पुढं एक तोतरा सांग्या आला, मग एक लावणी आली, लावणीवालीलाही सांग्या आला. दौलतभाऊ प्रत्येक वेळी मान डोलवत गेले. एकाच गोष्टीला त्यांनी नाही म्हटलं. शेवटची ती जागा रिकामी राहिली पाहिजे. मालक म्हणाले, ठेवा बाप्पा, तेवढ्यानं काय बिघडते.

पहिला प्रयोग सिंदेवाहीच्या पलीकडच्या एका गावात होता. गावाचं नाव घेत नाही, त्या लोकांचा दोष नाही. असा प्रकार आमच्याच मुलखात होऊ शकतो, कारण नाटकावर एवढी माया दुसरीकडं कुठं नसेल. नटाची फजिती झाली तर इथं प्रेक्षकाला ती स्वतःची फजिती वाटते. शेवटचा प्रवेश आला. मोतीराम झालेला आमचा हिरो, नागपूरचे राजूसर, त्या रात्री खरंच चांगलं काम करत होते. सांग्यानं सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं, मग सगळे मिळून म्हणाले. मोतीराम गप्प उभा. विंगेत टॉर्च बंद झाली. मी बोटं उचलली. पडदेवाला दोरी धरून स्तब्ध. आम्हा सगळ्यांना ती खूण ठाऊक होती. पण प्रेक्षकांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी एवढंच पाहिलं की हिरो वाक्य विसरला, आणि विंगेत काळोख, म्हणजे प्रॉम्टरपण झोपला! पहिल्या रांगेतली एक म्हातारी ताडपत्रीवरून अर्धी उठली.

“अरे बाप्पा, इसरला वाट्टे गा हा! मी सुखात आहे म्हण ना रे लेका!”

मग बायांच्या बाजूनं आवाज आला, मग पुरुषांच्या, मग सगळ्या गावानं त्याला वाक्य पुरवायला सुरुवात केली. ओरडून, हात हलवून, अगदी कळवळून. मी सुखात आहे, म्हणा, मी सुखात आहे! राजूसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हिरो वाक्य विसरला ही बातमी पानठेल्यापानठेल्यावरून वडस्यापर्यंत, जिथं सगळ्या नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, जाते, आणि पुढच्या हंगामात हिरो दुसरा असतो. बिचाऱ्यानं थोडा धीर धरला, पण मग छाती पुढं काढून, दोन्ही हात पसरून, दणदणीत आवाजात म्हटलं, “मी सुखात आहे!” टाळ्या, शिट्ट्या. पडदा पडला तेव्हा गाव खूश होतं. आपण एका नटाची इज्जत वाचवली म्हणून.

मी विंगेत गेलो. दौलतभाऊ ट्रंकेवरच बसलेले, टॉर्च बंदच. मला वाटलं होतं रागावले असतील, निदान एखादी शिवी तरी हासडतील. मी मात्र राजूसरांना, म्हातारीला, मालकांना, सगळ्यांना शिव्या घालत सुटलो होतो. भाऊ एवढंच म्हणाले, लोकाईची चूक नाई, मास्तर, त्याईले वाटलं थो एकटा पडला. मला तेव्हा त्यांचाही संताप आला, आणि आजही तो गेलेला नाही. अहो, सगळं आयुष्य समजून घेण्यातच घालवायचं का माणसानं? एकदा तरी ओरडा!

खरी गंमत, म्हणजे खरा छळ, पुढंच झाला. नाटक तुफान चाललं. मालकांच्या डोक्यात लगेच उजेड पडला. दुसऱ्या प्रयोगापासून तोतरा सांग्या पुढं येऊन प्रेक्षकांनाच विचारू लागला, मंडळी, यानं काय म्हणायचं? आणि गावच्या गाव गर्जना करी. वन्समोअर मिळू लागले. पोरं स्टँडवर एकमेकांना हाका मारत, काय बे, सुखात आहे का? एका पुढाऱ्यानं तर दौलतभाऊंचा सत्कार केला आणि शाल घालता घालता समोरच्या गर्दीकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. भाऊंच्या हातात नारळ, आजूबाजूला हजारभर माणसं ‘मी सुखात आहे’ ओरडताहेत, फोटो निघताहेत. त्यांच्या त्या कादंबऱ्यांमध्ये याच्यासाठी किती खर्च करतात! माणसाला कोंडतात, झोपू देत नाहीत, वर्षानुवर्षं घासतात. आमच्याकडं ताडपत्रीवर बसून, चिवडा खात, हसत हसत झालं. आणि दौलतभाऊ? दर प्रयोगाला त्या जागी टॉर्च बंद करत राहिले. ओरडा सुरू असे, सांग्या नाचत असे, पण त्या ठिकाणी विंगेतला ठिपका मिटायचा म्हणजे मिटायचा. मीही बोटं उचलत असे. मालकांनी मला झापलं, मास्तर, तिथं दणक्यात वाजवा. मी म्हटलं, जमणार नाही, माझा हात दुखतो.

हंगाम संपत आला तसं भाऊंनी मालकांकडं एक मागणं मागितलं. एकच प्रयोग, फक्त एक, जसा लिहिलाय तसा. मालकांनी गळ्याला हात लावून कबूल केलं. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांत तिकडंच, वैनगंगेच्या काठच्या एका गावी आमचा शेवटचा प्रयोग होता, त्या वेळी करू म्हणाले. त्या दिवशी दौलतभाऊ आपल्या पत्नीला, कमलावहिनींना, सोबत घेऊन आले. मी चकित झालो. एवढ्या वर्षांत वहिनी कधी नाटकाला आल्या नव्हत्या. त्यांना बायांमध्ये पुढं बसवलं, शाल दिली. भाऊ विंगेत गेले तेव्हा नव्या नटासारखे घाबरलेले दिसत होते. आणि तिसऱ्या अंकाआधी गावच्या मंडळाची माणसं मालकांकडं आली. लोकं तेवढ्याचसाठी आलेत, ओरडू दिलं नाही तर खुर्च्या तुटतील. मालक माझ्यासमोर म्हणाले, दौलतभाऊ समजदार माणूस आहे, समजून घेईल. झालं! सांग्या पुढं आला, गाव गरजलं. मी बोटं उचलून बायांकडं पाहिलं तर कमलावहिनी उठून, गर्दीतून वाट काढत बाहेर चालल्या होत्या. नंतर त्या गाडीत बसलेल्या दिसल्या, खिडकीकडं तोंड करून. मला वाटलं थंडी वाजली असेल.

त्याचा उलगडा मला आमच्या शेवटच्या भेटीत झाला. पोळ्याच्या आसपास मी सिंदेवाहीला त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनी मागं परसात वाल तोडत होत्या. भाऊ जरा ओसरलेले दिसले, चालताना धाप लागत होती. मी मालकांच्या नावानं बोटं मोडत होतो, तर त्यांनी मला थांबवलं आणि परसाकडं बोट करून सांगितलं की हे नाटक तिचं आहे. त्यांना एक मुलगी होती, लहानपणीच गेली, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी कंपनीत येण्याच्या खूप आधीची गोष्ट. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. मुलीच्या जलदान विधीला, म्हणजे बौद्ध घरातल्या दिवसकार्याला, सगळं नातंगोतं जमलेलं. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, ना रडत, ना बोलत. बायांना काळजी वाटायला लागली. एकजण म्हणाली, बोल बाई कायतरी, नाईतर छातीत बसते. दुसरी म्हणाली, मी बरी आहो म्हण, म्हण एकदा, आमचा जीव शांत होते. मग सगळ्याच म्हणाल्या. पाठीवरून हात फिरवत, केस मागं सारत, पाणी पाजत. आणि वहिनी म्हणाल्या, मी बरी आहो.

“थ्या दिवसापासून ही तेच म्हणते, मास्तर,” भाऊ म्हणाले. “कोणी इचारो, कवाबी इचारो. मी बाजूलेच बसून होतो. मले टॉर्च बंद करता आली नाई.”

त्यांनी परसाकडं नजर टाकली. मग म्हणाले, तिले एकदा दाखवाचं होतं, का कोणी नाई बोललं तरी चालते. तिले सांगूनच नेलं होतं, टॉर्च बंद झाली का सगळे थांबतेत म्हणून. येत्या हंगामात मालक ऐकणार नसतील तर आपणच करू, इथं सिंदेवाहीतच, विहाराच्या सभागृहात, दिवसाउजेडी, लावणी नको, पोस्टर नको. मी म्हटलं, करू, राजूसरांना मी पकडून आणतो. निघताना मी वहिनींना विचारलं, काय वहिनी, कशा आहात? विचारून गेलो आणि जीभ चावली. वहिनी वालाची टोपली घेऊन उभ्या होत्या. हसून म्हणाल्या, मी बरी आहो. दौलतभाऊंचे ओठ त्यांच्या आधी हलले होते.

आणि मग भाद्रपदात ती सकाळ.

जलदान विधी विहाराच्या त्याच सभागृहात झाला. दुपारची वेळ, पंखे घरघरत होते. भन्तेजींनी वंदना घेतली आणि शोकसभा सुरू झाली. आमची कंपनी सगळी आलेली. टेबलावर फोटो, हार, मेणबत्ती, आणि कुणीतरी हौसेनं भाऊंची टॉर्च पेटवून फोटोसमोर आडवी ठेवलेली. भाषणं झाली. तीच ती. पडद्यामागचा कलाकार, पोकळी, भरून न निघणारी. मी मागं बसून दात खात होतो. शेवटी गजाननभाऊ उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, हीच तर अडचण आहे. म्हणाले, दौलतभाऊ एका वाक्यानं अमर झाले, चला, आपण सगळे मिळून ते वाक्य म्हणू, तीच त्याईले श्रद्धांजली. आणि सभागृह म्हणालं. गहिवरून, हात जोडून, मी सुखात आहे. राजूसर म्हणाले, लावणीवाली रडत रडत म्हणाली. मला वाटलं उठावं आणि माइकची वायर तोडावी. तेवढ्यात मालकांनी माइक कमलावहिनींच्या हातात दिला. म्हणाले, वहिनी, तुमीबी म्हणा. भाऊले बरं वाटंल.

वहिनी पांढऱ्या लुगड्यात टेबलाजवळ उभ्या राहिल्या. माइक तोंडाशी. बोलेनात. शेजारच्या बाईनं पाठीवर हात ठेवला. म्हणा ना बाई, मी सुखात आहे. मागून कोणी म्हणालं, घाबरू नका वहिनी, मी सुखात आहे म्हणा. मग आणखी कोणी. सगळ्यांचा आवाज मऊ, सगळ्यांना त्यांची कीव. मी हे सगळं आधी ऐकलेलं होतं, नाटकातल्या कंसातल्या ओळीसकट. वहिनींनी माइक खाली ठेवला. टेबलावर वाकल्या, फोटोसमोरची टॉर्च उचलली, आणि बटण मागं ओढून ती बंद केली.

पडदेवाला पुढं बसला होता, तो पहिल्यांदा गप्प झाला. मग राजूसर. त्यांनी शेजाऱ्याच्या दंडाला धरून त्यालाही थांबवलं. तोतरा सांग्या, लावणीवाली, तबलेवाला, एकेक करत आमची सगळी माणसं थांबली, आणि ती थांबली म्हणून गावची माणसंही थांबली. मालकांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. पाठीवरचा हात खाली आला. माझी बोटं, समोर पेटी नसताना, मांडीवरून उचलली गेली होती. कमलावहिनी बोलल्या नाहीत. कुणी बोललं नाही. पंख्यांचा तेवढा आवाज. किती वेळ ते मला माहीत नाही, आणि कुणी मोजलाही नसावा. शेवटी वहिनी आपण होऊन खाली बसल्या, टॉर्च मांडीवर घेऊन. भाऊंचा प्रयोग झाला. बघायला भाऊ नव्हते, या गोष्टीचा राग मी कुणावर काढू ते मला अजून कळलेलं नाही.

आता दिवाळी झाली. धान कापणीला आलंय, मंडईच्या तारखा लागल्यात. नवा प्रॉम्टर संहिता मोबाइलवर वाचतो, त्याचा उजेड सगळा वेळ लागलेलाच असतो. मी बोलून पाहिलं, तो म्हणाला, मास्तर, स्क्रीन बंद केली तर जागा हरवते. परवा हंगामावर निघण्याआधी मी सिंदेवाहीला जाऊन आलो. भाऊंची खुर्ची ओसरीतच आहे, मफलर खुंटीला, खाली कोनाड्यात टॉर्च. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. मी आपला सवयीनं, किती मूर्ख असावं माणसानं, पुन्हा तेच विचारलं, कशा आहात वहिनी?

वहिनी म्हणाल्या, “मी...” आणि थांबल्या.

पुढचे शब्द माझ्या जिभेवर आले होते. कुणाच्याही आले असते. मी कोनाड्यातल्या टॉर्चकडं पाहिलं. चहा निवत गेला. परसात कोणाचीतरी कोंबडी कुरकुरत होती. मी गप्प बसलो.

“मी बरी नाई, मास्तर,” वहिनी म्हणाल्या.